माळावरचं बुटकं झाड खणून कुंडीत लावलं तर बिघडलं कुठं? बोन्सायच्या ‘यामादोरी’चं गणित समजून घ्या

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर बोन्साय शोधायला लागलात की दोन-चार दिवसांत एक ठरावीक व्हिडिओ तुमच्यासमोर येतोच. उजाड माळ, हातात टिकाव घेतलेला माणूस आणि समोर गुडघ्याएवढं एक झाड. झाड बुटकं, पण बुंधा पोटरीएवढा जाड, सालीला भेगा पडलेल्या, फांद्या वाकड्यातिकड्या. पुढच्या वीस सेकंदांत ते झाड जमिनीतून बाहेर, मग गोणपाटात, मग कुंडीत. शेवटच्या फ्रेममध्ये त्याला हिरवीगार पानं फुटलेली. खाली कमेंट्समध्ये लोकेशन विचारणाऱ्यांची रांग.

या प्रकाराला बोन्सायच्या दुनियेत ‘यामादोरी’ म्हणतात. जपानी भाषेत ‘यामा’ म्हणजे डोंगर आणि ‘दोरी’ म्हणजे घेणं. डोंगरातून आणलेलं झाड. शब्द जपानी असला तरी तो आता कोरड्या, खडकाळ प्रदेशातून आणलेल्या कुठल्याही जंगली झाडाला सर्रास वापरला जातो. आणि कोरडा, खडकाळ प्रदेश म्हटलं की आपल्याकडे सोलापूरचं नाव घ्यायला लागतंच.

म्हणून हा विषय अक्कलकोट रोड एमआयडीसीत उभं राहून बघूया. ही जागा का, ते पुढं कळेल. एका बाजूला टर्किश टॉवेल आणि चादरींचे कारखाने, यंत्रमागांचा खडखडाट, पत्र्याची शेड, डाईंग हाऊसच्या ओल धरलेल्या भिंती. दुसऱ्या बाजूला शहर संपवत अक्कलकोटकडे जाणारा रस्ता आणि त्याच्या आजूबाजूला मुरमाड माळ. यामादोरीला लागणारी झाडं या दोन्ही बाजूंना आहेत. प्रश्न एवढाच आहे की कुठलं उचलायचं आणि कुठल्याला हात लावायचा नाही. बहुतेक व्हिडिओंमध्ये नेमकं उलटं केलं जातं.

आधी हे झाड बुटकं राहिलं कसं?

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये. म्हणजे जून-जुलै कोरडा गेला तर माळावरच्या झाडाला पाण्यासाठी थेट गणपतीपर्यंत वाट बघावी लागते. त्यात माळावर माती वीतभर. खाली मुरूम, त्याखाली काळा बेसाल्ट. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो.

एवढ्यावर भागत नाही. शेळ्या येतात. शेळी झाडाचा कोवळा शेंडा खाते, झाड बाजूने नवी फूट काढतं, पुढच्या वर्षी तीही जाते. मधेच कुणीतरी सरपणासाठी कोयता चालवतं. झाड पुन्हा खालून फुटतं. असं वीस-तीस वर्षं चाललं की उंची तिथंच राहते, पण बुंधा वर्षाला थोडा थोडा जाड होत जातो. बोन्साय करणारा माणूस कात्री आणि तारेने जे काम करतो, ते माळावर ऊन, खडक आणि शेळ्या मिळून फुकटात करतात. खरं तर शेळीइतका चिकाटीचा बोन्साय कलाकार दुसरा नाही.

आता बाजाराच्या बाजूने बघा. नर्सरीत बी लावून, छाटून, पुन्हा वाढवून असा जाड आणि म्हातारा दिसणारा बुंधा तयार करायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. माळावरून आणलं तर ही वर्षं वाचतात. बोन्सायची किंमत झाडाच्या उंचीवर ठरत नाही, ते किती जुनं दिसतं यावर ठरते. त्यामुळे माळावरच्या झाडाला मागणी असते आणि ते खणणाऱ्याला ‘फुकटचा माल’ मिळाल्यासारखं वाटतं.

पण गुडघ्याएवढं बोराचं किंवा हिवराचं झाड तुमच्यापेक्षा वयाने मोठं असू शकतं. उंचीवरून त्याचं वय कळत नाही. आणि तिथं दुसरं तसं झाड उभं राहायला पुन्हा तेवढीच वर्षं लागतात, तीही मधल्या काळात जेसीबी आला नाही तर.

व्हिडिओत न दिसणारा भाग

व्हिडिओत शेवटी पानं फुटतात. न फुटलेल्या झाडांचा व्हिडिओ कोण टाकणार?

कोरड्या प्रदेशातलं झाड पाण्यासाठी खोल जातं. बाभूळवर्गातल्या झाडांचं सोटमूळ खडकाच्या फटीतून किती खाली गेलंय, ते खणायला लागल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये एका खाणीत मेस्किट नावाच्या झाडाचं मूळ जमिनीखाली ५३ मीटरवर सापडल्याची नोंद आहे. हे मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड. प्रत्येक झाड एवढं खोल जात नाही, पण मुद्दा लक्षात येईल.

झाड पाणी पितं ते जाड मुळांनी नाही, टोकाकडच्या बारीक तंतुमुळांनी. ही तंतुमुळं बुंध्यापासून लांब असतात. टिकाव घेऊन दीड फुटाचा खड्डा खणला की हातात येतात ती फक्त जाड मुळांची तोडलेली टोकं. म्हणजे पाण्याचा नळ तोडून टाकी घरी आणल्यासारखं. बुंध्यात साठलेल्या अन्नपाण्यावर झाड काही आठवडे जगतं, पानंसुद्धा काढतं. लोकांना वाटतं लागलं. प्रत्यक्षात मुळं फुटलेली नसतात. तेवढ्यात ऊन वाढतं आणि पानं करपतात. अनेक झाडं अशी पहिल्या उन्हाळ्यात जातात, व्हिडिओ टाकून झाल्यावर.

सगळीच झाडं सारखी नसतात. वड, पिंपळ, उंबर ही मंडळी फार चिवट. फांदी खोचली तरी मूळ धरणारी. वेडी बाभूळही तशीच दणकट. पण हिंगण, हेंकळ, हिवर यांसारखी माळावरची सावकाश वाढणारी काटेरी झाडं एकदा उपटली की परत रुजवणं अवघड जातं. व्हिडिओत दिसणारा माणूस पिंपळ काढत असतो, बघणारा उत्साहाच्या भरात माळावर जाऊन हिवर खणतो, आणि मग पाणी कमी पडलं की जास्त झालं यावर डोकं खाजवत बसतो.

‘पडीक तर जमीन आहे, कुणाचं काय जातंय?’

हा युक्तिवाद सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि त्याच्या मुळाशी सरकारी कागदच आहेत. केंद्राच्या भूसंसाधन विभागाचा एक नकाशासंग्रह आहे, वेस्टलँड ॲटलास. झुडपी जमीन त्यात ‘वेस्टलँड’च्या यादीत मोडते. आपल्या बोलण्यातही माळ म्हणजे पडीक, ओसाड, काही न पिकणारा. झाडं म्हणजे घनदाट जंगलातली, एवढंच आपल्या डोक्यात बसलेलं.

पण याच सोलापूर जिल्ह्यात माळरान वाचवण्यासाठी अभयारण्य आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. आधी त्याचं कागदावरचं क्षेत्र जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं, नंतर ते कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं. माळढोक आता तिथं दिसणं दुर्मिळ झालंय. पण काळवीट, लांडगा, खोकड अजून आहेत, आणि या सगळ्यांना गवताइतकीच मधूनमधून असलेली ती काटेरी झाडंही लागतात.

उदाहरण द्यायचं तर खाटीक पक्ष्याचं देता येईल. हा चिमणीपेक्षा थोडा मोठा पक्षी टोळ, सरडे पकडतो आणि काट्याला टोचून ठेवतो. काटेरी झाड हे त्याचं फडताळ आहे. बोरं पिकली की खोकड आणि कोल्हे बोरीखाली येतात. बाभळीला सुगरणीचे खोपे लटकतात. भर उन्हात शेळ्या राखणारा माणूस ज्या सावलीत टेकतो, ती सावलीही त्या एकट्या हिवराचीच असते. जंगलात हजार झाडांतलं एक गेलं तर कदाचित कळणार नाही. माळावर एकरात चारच झाडं असतात. त्यातलं सगळ्यात जुनं आणि डौलदार तेवढं नेमकं बोन्सायवाल्याच्या नजरेत भरतं.

कायदा काय म्हणतो?

‘बोन्सायसाठी झाड खणणं’ असा वेगळा विषय आपल्याकडच्या वृक्षकायद्यांमध्ये नाही. त्यामुळे आधी जमीन कुणाची ते बघावं लागतं.

वनजमीन असेल तर प्रश्नच मिटला. भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू होतो आणि राखीव वनातून परवानगीशिवाय झाड नेणं हा गुन्हा आहे. अभयारण्य असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आणखी कडक. माळावर तारेचं कुंपण नाही, फलक नाही, म्हणून ती वनजमीन नसेल असं धरून चालू नका. सोलापुरात वनखात्याच्या कितीतरी जागा दिसायला साध्या माळासारख्याच आहेत. गट नंबर बघून सातबारा काढला तर पाच मिनिटांत कळतं.

गायरान किंवा इतर सरकारी जमीन असेल तर तिच्यावरची झाडं सरकारची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार अशी झाडं परस्पर तोडून नेली तर त्यांची किंमत वसूल करता येते. खासगी शेत असेल तर त्यातल्या झाडांवर हक्क जमीनमालकाचा. म्हणजे त्याच्या बांधावरची बोर न विचारता खणली तर ती सरळ चोरी. विचारलंत तर मात्र बहुतेक शेतकरी बांधावरचं काटेरी झाड आनंदाने देतात. वर खणायला टिकावही देतील.

आता मालकाने हो म्हटलं तरी काही झाडं अशी आहेत की ज्यांना परवानगी लागते. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, मोह, हिरडा यांच्याबरोबर चिंच, आंबा, जांभूळही आहे. बोन्सायवाल्यांची चिंच फार आवडती, म्हणून हे नाव लक्षात ठेवा. ‘मी तोडलं नाही, मुळासकट उपटलं’ असा युक्तिवाद अधिकाऱ्यासमोर करून बघायचा असेल तर तुमची हिंमत. या कायद्यातला हजार रुपयांपर्यंतचा दंड ५० हजारांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये घेतला होता. त्यावर शेतकऱ्यांच्या बाजूने बराच विरोधही झाला.

ती यादी पुन्हा वाचा, त्यातली गंमत कळेल. साग, चंदन, खैर, आंबा. म्हणजे लाकडाला भाव असणारी, फळाला भाव असणारी किंवा औषधी झाडं. हिवर नाही, हिंगण नाही, हेंकळ नाही, बोर नाही. ज्या झाडांचा बाजारात भाव नव्हता, त्यांना १९६४ साली संरक्षण द्यावंसं कुणाला वाटलं नाही. आज बोन्सायमुळे त्यांनाही भाव यायला लागलाय, आणि यादी तिथंच आहे. माळावरच्या झाडांचा बचाव म्हणून आज फक्त ‘जमीन कुणाची’ एवढा एकच प्रश्न उरतो.

शहराच्या हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रातला वृक्षसंरक्षण कायदा येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांसाठी ‘हेरिटेज ट्री’ ही कल्पना त्यात आली. एमआयडीसीमध्ये आणखी एक थर चढतो. कारखान्याचा प्लॉट सहसा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. जमीन महामंडळाची, ताबा उद्योजकाचा. रस्त्याकडेची आणि मोकळ्या भूखंडांवरची झाडंही महामंडळाच्याच जागेतली. तेव्हा वॉचमनने मान हलवली म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. एक साधा अर्ज, कंपनीच्या लेटरहेडवर दोन ओळी, एवढं जवळ ठेवलं तर पुढं वाटेत कुणी गाडी अडवली तरी बोलायला तोंड राहतं.

विक्रीसाठी जंगलातली झाडं गोळा करत असाल तर जैवविविधता अधिनियम, २००२ चाही विचार करावा लागतो. छंद आणि धंदा यात कायदा फरक करतो.

जपानमध्ये काय झालं?

ज्यांनी हा शब्द दिला त्यांचीच गोष्ट बोलकी आहे. शिंपाकू नावाचा एक जुनिपर बोन्सायमध्ये सर्वोत्तम मानला जातो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानमधले व्यावसायिक संग्राहक दोरखंड बांधून कड्यांवर लटकत ही झाडं काढायचे. त्यात माणसं मेलीही. आधी शिकोकू बेटावरच्या इशिझुची डोंगरातली झाडं संपत आली, मग मोर्चा निगाता प्रांतातल्या इतोइगावा भागाकडे वळला. तिथलेही कडे रिकामे झाले. आज इतोइगावा शिंपाकू जगभर मिळतो, पण तो कटिंगपासून, नर्सरीत वाढवलेला. जपानी बोन्सायचा धंदा डोंगर संपल्यावर नर्सरीकडे वळला. आपल्याला तेवढं थांबायची गरज नाही.

फिलिपाइन्समध्ये किनाऱ्यावरच्या खडकांवर वाढणाऱ्या बांतिगे नावाच्या झाडाची बोन्सायसाठी एवढी लूट झाली की ते गोळा करण्यावर बंदी आणावी लागली. दक्षिण आफ्रिकेतल्या कारू या कोरड्या पट्ट्यात २०१९ नंतर छोट्या मांसल वनस्पतींची चोरी झपाट्याने वाढली, पोलिसांनी जप्त केलेल्या रोपांची संख्या लाखांत गेली. ती झाडं बोन्सायची नव्हती, पण कारणं तीच. जागा कोरडी, झाड सावकाश वाढणारं, ऑनलाइन गिऱ्हाईक आणि खणणाऱ्या गरीब माणसाच्या हातात मिळणारे चार पैसे. कारूमध्ये पकडले गेलेल्यांत स्थानिक बेरोजगार बरेच होते. मलई खाणारे दुसऱ्याच खंडात बसलेले.

उलट अमेरिकेत वनखात्याच्या काही भागांत थोडं शुल्क भरून झाड खणण्याचा परवाना मिळतो. कुठून, किती, कुठल्या जातीचं, हे ठरवून दिलेलं असतं. बंदी आणि लूट यांच्या मधली ही वाट आहे. आपल्या वनखात्याला कामं कमी नाहीत, हे मान्य. पण विचार करायला हरकत नसावी.

मग छंद सोडून द्यायचा का?

अजिबात नाही. आता परत अक्कलकोट रोडवर या. इथं एमआयडीसीच्या आत आणि आजूबाजूला तीन प्रकारची झाडं आहेत जी काढली तर कुणाचं नुकसान होत नाही, उलट काहींचा फायदाच होतो.

पहिली वेडी बाभूळ, म्हणजे आपल्या भागातली चिलार. रिकामा प्लॉट दिसला की चिलार दिसलीच. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरपणासाठी आणि उजाड जमीन झाकण्यासाठी भारतात आणलं गेलं. मग ते आवरेना. गवताळ जमीन गिळणारं, तोडलं तरी फुटणारं. तमिळनाडूत तर ते काढून टाकण्यासाठी प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि न्यायालयाने काढण्याचे आदेश दिले. सोलापुरात लोक ते सरपणासाठी, कोळशासाठी तोडतात, म्हणजे वारंवार छाटलेले जाड बुंधे तयारच असतात. शिवाय पान मुळातच बारीक, त्यामुळे छोट्या कुंडीत ते शोभून दिसतं. बोन्सायला आणखी काय पाहिजे? एवढं करूनही लोक चिलारीकडे बघत नाहीत, कारण ती ‘हलकी’ वाटते. हा आपला जातिवाद झाडांपर्यंत पोचलाय. दोन गोष्टी मात्र सांभाळा. काटा लागला तर कितीतरी दिवस ठणकतो, तेव्हा जाड चामडी हातमोजे आणि जाड तळाचे बूट पाहिजेतच. आणि कुंडीत शेंगा धरल्या तर त्या पिकण्याआधी काढून टाका, नाहीतर तुमच्या गॅलरीतून नवी चिलार गावभर जायची.

दुसरी झाडं भिंतींवरची. वड, पिंपळ, उंबराची फळं पक्षी खातात, बिया विष्ठेतून भिंतीच्या फटीत पडतात. बॉयलरची वाफ, डाईंगचं गळकं पाणी, पावसाळी पाइप जिथं असेल तिथं पिंपळ उगवतो. गिरण्या बंद पडलेल्या या शहराला हे दृश्य नवीन नाही. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल असो किंवा लक्ष्मी-विष्णू, पडक्या भिंतींवर पिंपळाचंच राज्य. कारखान्याच्या मालकाला ते झाड नको असतं, कारण मूळ जाड झालं की भिंत फुटते. पण पिंपळ-वड-उंबर तोडायला कामगार तयार होत नाहीत, पाप लागेल म्हणून. मग ॲसिड ओतायचं का, कोण ओतणार, यावर महिनोन् महिने जातात. अशा वेळी ‘मी काढून नेतो आणि जगवतो’ म्हणणारा माणूस दारात आला तर मालक चहाही पाजतो. गमतीचा भाग असा की घरात बोन्साय ठेवणं अशुभ, असंही आपल्याकडे मानणारे आहेत. म्हणजे तोडलं तर पाप, कुंडीत ठेवलं तर अशुभ. पिंपळाने जावं कुठं?

एक सावधगिरी. जुनी वास्तू संरक्षित असेल, उदाहरणार्थ सोलापूरचा भुईकोट किल्ला, तर तिथल्या भिंतीला हात लावायचा नाही. मूळ ओढताना दगड निखळू शकतो आणि ते काम पुरातत्त्व खात्याचं आहे.

तिसरी झाडं जेसीबीच्या वाटेत उभी असलेली. शहर याच दिशेने वाढतंय. कुंभारीच्या माळावर कामगारांसाठी रे नगर उभं राहिलं, त्यातल्या पहिल्या १५ हजार घरांचं वाटप १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. घरं हवीतच, त्याबद्दल वाद नाही. पण एखादा माळ सपाट होणार हे ठरल्यावर आणि यंत्र येण्याआधी मधे जे काही आठवडे असतात, त्यात तिथली हिवर, बोर, हिंगण काढायचा प्रयत्न करणं याला माळ लुटणं म्हणता येणार नाही. इथं ते अवघड झाड जगलं नाही तरी ते तसंही जाणार होतं. प्लॉटचं सपाटीकरण, रस्त्याचं रुंदीकरण, विहिरीचं काम, अशा जागांची माहिती ठेकेदाराकडे असते. एखाद्या बोन्साय ग्रुपने दोन-चार ठेकेदारांचे नंबर ठेवले आणि लेखी परवानगीची सवय लावली तर माळावर टिकाव घेऊन फिरायची वेळच येणार नाही.

काढायचंच असेल तर कधी आणि कसं?

मे महिन्यात काढू नका. सुट्टी असते, वेळ असतो, पण सोलापूरचा मे झाडाला मारतो. पिंपळ-वडासाठी पहिला चांगला पाऊस होऊन हवेत दमटपणा आला की काढायला घ्या. चिलारही त्याच सुमाराला काढता येते. ज्या झाडांची पानगळ होते ती नवी पालवी फुटायच्या आधी हलवतात.

भिंतीतला पिंपळ काढताना खोड धरून ओढायचं नाही. फट छिन्नीने थोडी मोकळी करून मूळ जेवढं लांब मिळेल तेवढं सोडवायचं, जाड मूळ करवतीने सरळ कापायचं आणि मालकाला फट सिमेंटने बुजवायला सांगायचं, नाहीतर आत राहिलेला तुकडा पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुटतो. चिलार किंवा बोर काढताना बुंध्याभोवती लांबून खणत आत यायचं आणि बारीक मुळं दिसली की तिथं थांबायचं. मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळायची. उघड्या टेम्पोत वाऱ्यावर वाळवत आणलेली मुळं घरी पोचेपर्यंत निम्मी मेलेली असतात.

मुळं कमी झाली तेवढ्या फांद्याही कमी करायच्या. कुंडीत काळी माती घालू नका, ती पाणी धरून ठेवते आणि तोडलेली मुळं कुजतात. चाळलेला मुरूम, विटांचा चुरा आणि थोडं कोकोपीट पुरे. झाडावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैलसर चढवली की आतला दमटपणा टिकतो, पण अशी कुंडी थेट उन्हात ठेवली तर आत भट्टी होते. सावली हवीच. खत नाही, तार नाही, आकार देणं नाही, किमान एक वर्ष. इथंच बहुतेकांचा धीर सुटतो, कारण व्हिडिओला तर पुढच्याच महिन्यात ‘आफ्टर’ हवा असतो.

आणि झाड खणण्याऐवजी विकत घेणार असाल तर विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. हे कुठून आणलं, आणि कुंडीत येऊन किती उन्हाळे झाले? पहिल्याचं उत्तर टाळलं तर झाड कुठल्या माळावरचं आहे याचा अंदाज तुम्हाला येईल. दुसऱ्याचं उत्तर ‘एकही नाही’ असेल तर पैसे द्यायच्या आधी बुंधा हलक्या हाताने हलवून बघा. कुंडीत सैल हलत असेल तर मुळं अजून फुटलेली नाहीत, वरची पानं कितीही हिरवी असली तरी.